पान दोनशे चौदाची तळटीप

बैरूत, ११ मार्च २०१८

प्रिय नजला,

तुझं पत्र पोचलं. दर वर्षीप्रमाणे खाली तुझ्या बाबांच्या हातची ओळ आहे : ‘रमझीला म्हणावं, एवढा युद्धाचा इतिहासकार झालास, मग माझी गाडी कोणी नेली ते अजून सापडत नाही होय?’ एक्याण्णवाव्या वर्षी अक्षर ठणठणीत आहे. यंदा त्यांनी ओळीखाली रेघही मारली आहे. कागद फाटेल इतकी जोरात.

बातमी अशी की पुस्तक अखेर छापखान्यात गेलं. आपल्या एका वस्तीतल्या यादवी युद्धावर एकोणतीस वर्षं घालवली, आणि सगळं अडलं होतं ते पान दोनशे चौदाच्या एका तळटिपेपाशी. तिथं लिहिलं होतं : ऑक्टोबर १९७६, बेकरीच्या कोपऱ्यावरचा अडथळा, टॅक्सीचालक अबू नजीब यांना खाली उतरवून त्यांची मर्सिडीज पळवली, अडथळ्यावर बंदुका घेतलेली पाच मुलं होती. चौघांची नावं दिली आहेत. पाचव्यापुढे ‘ओळख पटली नाही’. तपासलेली पानं सोमवारपर्यंत परत द्यायची होती. मग ती ओळ कायमची. तुझ्या बाबांच्या आयुष्यात पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघेल असं मला वाटत नाही.

तुला वाटत असेल, इतिहासकार कागदपत्रांत बसतो. आपल्याकडचे कागद जळाले, उरलेले जाळले. म्हणून मी दुखवट्याला जातो. सकाळी भिंतींवर चिकटवलेल्या मृत्यूच्या सूचना वाचतो आणि काळा कोट घालून निघतो. मेलेल्याला मी बहुधा ओळखत नसतो. पण तिथं म्हातारे लढवय्ये तीन-तीन दिवस कडू कॉफी घेत बसलेले असतात. हसता येत नाही, उठून जाता येत नाही. मग बोलतात.

सुरुवातीला एकदा फार लवकर पोचलो आणि दाराजवळची रिकामी खुर्ची बघून बसलो. ती घरच्यांची रांग होती. दुपारपर्यंत दोनशे माणसांनी माझा हात हातात घेऊन सांत्वन केलं. एक म्हातारी गळ्यात पडून रडली, ‘अगदी बापाचाच चेहरा रे!’ उठावं तर शोभलं नसतं. शिवाय शेजारी एक जुना सेनानी बसला होता. त्यानं मला ब्राझीलहून आलेला पुतण्या समजून बंदराच्या लढाईची हकिगत पहिल्या गोळीपासून सांगितली. तोच माझा तिसरा अध्याय. तिसऱ्या दिवशी विधवेनं विचारलं, ‘परत कधी निघणार, बाळा?’ मी म्हणालो, ‘गुरुवारी.’ तिनं वाटेसाठी डबा दिला.

माझं नाव उपयोगी पडलं. रमझी कुठल्याही पंथाचा असू शकतो. मुलाखतीआधी प्रत्येक जण चाचपतो. ‘कुठला रे तू?’ ‘इथलाच, बैरूतचा.’ ‘ते कळलं. मूळचा?’ ‘आजोबा गाव सोडून आले.’ ‘आणि आईकडून?’ मी कॉफीचा घोट घेतो. तेवढ्यात समोरचा ठरवून टाकतो की मी त्याच्यातलाच, आणि त्या लोकांना शिव्या देऊ लागतो. सगळ्या बाजूंनी मला आपलं मानून दुसऱ्यांना शिव्या दिल्या. विद्यापीठात याला तटस्थता म्हणतात. मला त्यासाठी एक पदकही मिळालं.

गेल्या आठवड्यात तौफीक माझ्या खोलीवर आला. आता तो औषधांचं दुकान चालवतो. त्या चौघांतला एक. सोबत होणारा व्याही. तौफीकची मुलगी रस्त्याच्या पलीकडच्या घरात जाते आहे, आणि हा व्याही त्या काळी पलीकडच्या अडथळ्यावर होता. ‘माझं नाव काढ,’ तौफीक म्हणाला, ‘लग्न आहे घरात.’ व्याही म्हणाला, ‘राहू दे की, डॉक्टर. सात महिने गोळ्या झाडल्या यांनी आमच्यावर, लागली ती एकच, आमच्या पाण्याच्या टाकीला.’ ‘टाकीवरच नेम होता माझा,’ तौफीक म्हणाला. ‘मग तसंच लिहा, आंघोळीचा वैरी.’ दोघांनी माझी कॉफी संपवली आणि ठरवलं की नाव राहू दे, पण पुस्तक लग्नानंतर येऊ दे. रिवाज म्हणून मी विचारलं, ‘पाचवा कोण होता?’ तौफीक छताकडे बघत म्हणाला, ‘मेला असेल.’ जिना अर्धा उतरून तो एकटाच परत आला आणि दारातून डोकं आत घातलं. ‘आमची चौघांची नावं लिहिताना हात थरथरला नाही ना, डॉक्टरसाहेब? बरं, बरं.’

नजला, पाचवा मी होतो. तोंडाला रुमाल होता, म्हणून बाबांनी ओळखलं नाही. त्या संध्याकाळी तू तुमच्या जिन्यात माझ्या खांद्यावर रडलीस, त्या पाचव्याला शिव्याशाप दिलेस, आणि मी म्हणालो, ‘मी शोधून काढीन त्याला.’ त्याच वाक्यावर पुढे इतिहासाचा डॉक्टर झालो. इतकी वर्षं मी एक पुरावा शोधत होतो : की बाकीची मुलं भडकली होती, मी गाडी नजरेआड नेली म्हणून ती निवळली आणि तुझे बाबा वाचले. तसा पुरावा नाही. कोणी भडकलं नव्हतं. तौफीक तर शेंगदाणे खात होता. मला मर्सिडीज चालवून बघायची होती, एवढंच. किनाऱ्यापर्यंत नेली आणि खडकावर चढवली. आज सकाळी तळटिपेत माझं नाव घालून पानं पाठवली. पुस्तक यायला दोन महिने आहेत. तोवर बाबा असतील की नाही कोण जाणे, आणि असले तरी त्यांना हे छापील पानावरून कळू नये. म्हणून हे पत्र. त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. ते जे म्हणतील ते शब्दशः उतरवून पाठव. शिव्या गाळू नकोस. तुझ्या असतील त्याही घाल.

अजूनही तुझाच,
रमझी