रोज एक बादली

४ मार्च, मंगळवार

दिला! शब्द दिला त्यानं! तोंडात घास होता, पण सगळ्यांच्या देखत दिला. "आई, तू आधी मागची खोली रिकामी कर. मग खुशाल आण मोठ्या काकूला." आणि हसला. सूनही हसली. नातीला तर ठसकाच लागला. हसा म्हणावं. मी फक्त 'खुशाल आण' एवढंच ऐकलं.

मोठी काकू म्हणजे माझी थोरली जाऊ. गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी असते. जिन्यात पडली तेव्हापासून खाली उतरलेली नाही. लेक परदेशात, रविवारी फोनमध्ये तोंड दाखवते. शेजारीण दूध-पाव आणून देते. तशी ती मरायची नाही, चिवट आहे. पण गप्प राहायची सवय लागेल, आणि ते तिला शोभायचं नाही. उभ्या जन्मात मला तोडीस तोड बोलणारी बाई एकच भेटली. आमच्या घरात सगळे "हो आई, हो आई". हो-हो ऐकून माझी जीभ गंजत चाललीय.

ते हसले का? मागच्या खोलीचं दार अर्धंच उघडतं. मग आतून कोणीतरी ढकलल्यासारखं परत येतं!

५ मार्च

सकाळी कंबर कसून घुसले. म्हटलं, एका दिवसात फडशा! खोकी ओढली, चाकं मोडलेली सायकल ओढली, रंगाचे सुकलेले डबे, गाद्या, पंख्याची नुसती पाती, सगळं बैठकीच्या खोलीत. दुपारी बघते तर मागची खोली भरलेली ती भरलेलीच, वर बैठकही भरली! मी मधोमध. उठायला जागा नाही. सुनेनं खोक्यांवरून हात लांब करून चहा दिला. "आई, झेपणारंय का हे?"

नातीनं फोनमधली एक बाई दाखवली. आवराआवर शिकवते म्हणे. पांढरं घर, पांढऱ्या भिंती, घरात बसायला खुर्ची नाही. मी म्हटलं, हिच्याकडे आवरायला आहेच काय?

संध्याकाळी सगळं परत आत कोंबलं. आता दार अर्धंही उघडत नाही. हात गेले, पाठ गेली, आणि मान गेला तो वेगळाच.

६ मार्च

सुचलं!! न्हाणीघरात सुचलं. टाकीचं पाणी काही कोणी मिठी मारून उचलत नाही. बादलीनं काढतो.

रोज एक बादली. निळी, कान तुटलेली. दारातून हाताला येईल ते भरायचं. बादली भरली की हात धुवायचे आणि दिवसभर त्या खोलीचं नाव काढायचं नाही. बघायचं ते बादलीत, खोलीत बघायचंच नाही. खोलीत बघितलं की छाती दडपते, बादलीत बघितलं की काही वाटत नाही.

आजची बादली: वायरी, नुसत्या वायरी. कशाच्या ते कोणाला ठाऊक नाही. अर्ध्या तासात मोकळी झाले! दुपारी झोपसुद्धा लागली.

८ मार्च

मुलाचं नाव मी 'लागेल' ठेवलंय. बादली बाहेर निघाली की हा समोर उभा. "अगं आई, ते असू दे, लागेल." मोडक्या छत्रीची काडी – लागेल. टीव्हीचं खोकं – लागेल. टीव्ही जाऊन किती काळ झाला, खोकं आपलं रिकामं सुतकात बसलंय!

मी नियम केला. 'लागेल' म्हणणाऱ्यानं ती वस्तू स्वतःच्या उशाशी ठेवून झोपायचं. सुनेनं टाळ्या वाजवल्या. त्यानं छत्रीची काडी निमूट बादलीत टाकली.

९ मार्च

सुनेला हसू आवरेना म्हणून तिचंही काढलं. आहेरात आलेले काचेचे पेले, खोक्यासकट. "आई, ते पाहुण्यांसाठी!" कुठले पाहुणे? जे येतात ते स्टीलच्या पेल्यात पिऊन जातात, आणि परत येतात. आज सगळ्यांनी त्या काचेच्या पेल्यांतून पाणी प्यायलं. नातीनं एक फोडला. बरं झालं, तेवढीच जागा झाली!

१२ मार्च

दार पूर्ण उघडलं!!! पार भिंतीला टेकलं! मी चार वेळा उघडझाप करून बघितली. आतली भिंत दिसली. पिवळी आहे. मी समजत होते पांढरी.

थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात. ते बादली-बादलीनं उपसतंही, हे कोणी सांगत नाही.

१४ मार्च

आज ह्यांचं निघालं. हे कुलपं-किल्ल्या करायचे. दुकान गेलं, हेही गेले, किल्ल्या राहिल्या. थाळीभर. गंजलेल्या, वाकड्या, एकीचंही कुलूप ठाऊक नाही. थाळीपण अशी दळभद्री! परातीएवढी, काळीठिक्कर, आणि खाली मधोमध कडी. ठेवली की डुगडुगायची, किल्ल्या खुळखुळायच्या. मी कितीदा म्हटलं, थाळीला खाली कडी कोणी लावतं का? कारागीर दारू प्यायला होता काय? हे नुसते हसायचे.

मी आणि थोरली पातेल्यावरून भांडायला लागलो की हे हमखास उठायचे, ती थाळी मांडीवर घ्यायचे आणि किल्ल्या ढवळत बसायचे. खुळूखुळू, खुळूखुळू. आणि हसायचे.

किल्ल्या बादलीत, थाळी वर. भंगारवाल्याच्या गाडीवर सगळं दिलं. डोळ्यांत पाणीबिणी काही आलं नाही. धुळीची शिंक तेवढी आली.

मग खिडकीतून बघते तर 'लागेल' कोपऱ्यावर भंगारवाल्याला गाठून उभा! काहीतरी घेतलं आणि मोटारीच्या डिकीत टाकलं. मी बघितलं नाही असं केलं. डिकी काही माझी खोली नव्हे. त्याची डिकी, त्याचं दुखणं.

१५ मार्च

पातेल्याचं लिहायचं राहिलं. दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हाची गोष्ट. तांब्याचं मोठं पातेलं, अख्ख्या घराचं जेवण व्हायचं त्यात. ते आमच्या वाट्याला आलं. बघते तर झाकण नाही. झाकण थोरलीकडे! मी म्हटलं, तुम्ही झाकण चोरलंत. ती म्हणाली, झाकण माझं म्हणजे पातेलंही माझंच, तू पळवलंस. मी म्हटलं, झाकण घेऊन या. ती म्हणाली, पातेलं घेऊन तू ये. कोणी गेलं नाही. झाकणाविना पातेलं माझ्याकडे, पातेल्याविना झाकण तिच्याकडे. दोन्ही बिनकामाची. पण माघार कोण घेणार?

१८ मार्च

फरशी दिसली! कपाट, सायकल, गाद्या भंगारवाल्यानं उचलून नेल्या. कोपऱ्यात खिडकीसुद्धा आहे – कपाटामागं होती. घरात एवढी वर्षं राहतेय आणि मला खिडकी नवीन! उघडली. वारा आला. आत कुबट वास होता तो गेला. मी खिडकीत उभी राहून थोरलीला फोन लावला.

"खोली होतेय हो तुमची."

"कोणी मागितली?"

"खिडकी आहे."

"कुठल्या अंगाला? उन्हाची असेल तर माझं डोकं चढतं."

म्हणजे यायचा विचार तरी केला! नाही तर उन्हाची चौकशी कशाला करेल?

२० मार्च

सून रात्री म्हणाली, "आई, हौस आहे ते ठीक. पण तुम्ही दोघी एका घरात म्हणजे... भांड्याला भांडं लागणार."

"लागू दे की. घरात आवाज तरी होईल!"

२१ मार्च

थोरलीचा फोन. आपणहून! आवाज मऊ होता, म्हणून मला भीती वाटली. शेजारीण घर बदलतेय. आता दूध-पाव कोण आणणार? लेक म्हणते, म्हाताऱ्या माणसांच्या जागी ठेवते, चांगली जागा आहे, बाग आहे.

मी म्हटलं, "बागेत काय, पानं मोजणार?"

ती म्हणाली, "कुणाच्या दारात पडून राहायला मी येणार नाही, धाकटे. मानानं बोलावत असशील तर येते. पातेलं माझं आहे असं म्हण. मग येते."

बघा! पाय चालत नाही, जीभ धावतेय!

मी फोन ठेवला.

२२ मार्च

खोलीत आता एकच वस्तू. पातेलं.

सून दारात, कमरेवर हात. "आई, सगळ्यांचं काढलंत. आता हे?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "असू दे गं. ते लागेल."

घर डोक्यावर घेतलं सगळ्यांनी! 'लागेल' जमिनीवर बसून हसला. नात म्हणाली, "आजी, उशाशी घेऊन झोप!" मी रागानं निघून आले. पण खरं आहे. नियम माझाच.

बादलीत मावत नाही ते. तीन बादल्या त्याच्याच पोटात मावतील.

२३ मार्च

पातेलं उशाशी ठेवलं होतं. कूस बदलली की कपाळावर आपटायचं. सकाळी कपाळाला टेंगूळ. आरशात बघितलं आणि एकटीच हसले. काय करायचंय? कडेवर घेऊन जाणारेय का वर?

फोन लावला. "जाऊबाई, पातेलं तुमचं. झाकण घेऊन या."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज. मग, "आधी घासून ठेव. तू नीट घासत नाहीस."

येतेय!!! येतेय ती!

२४ मार्च

मुलाला खोलीत नेऊन उभं केलं. चार भिंती, एक खिडकी, फरशी. "ही घे तुझी रिकामी खोली."

तो चारी बाजूंनी फिरला. भिंतीला हात लावला. "आई, मी मस्करीत म्हणालो होतो गं."

"मी मस्करीत ऐकलं नव्हतं."

मग काय, उद्याच पलंग आणतो म्हणाला. रंगही मारतो म्हणाला. सुकलेल्या डब्यांतला एक शोधायला निघाला होता. मी नुसतं बघितलं. दुकानात गेला.

२७ मार्च

भिंती रंगवल्या. पलंग आला. धरून उठता यावं म्हणून भिंतीला दांडा ठोकला. सुनेनं पडदा शिवला. मीही निळ्या बादलीला नवा कान लावून घेतला. नाही नाही, ठेवायला नव्हे. थोरलीच्या अंघोळीला.

पातेलं घासलं. आरसा झालाय त्याचा. काय काढते आता खोट, बघतेच!

३० मार्च, रविवार

आली! मुलानं आणि तिच्या इमारतीच्या रखवालदारानं खुर्चीत बसवून जिना उतरवली. खुर्चीत बसून दोघांना सूचना! एक पिशवी आणि टॉवेलात गुंडाळलेलं झाकण. मांडीवरून कोणाला हात लावू दिला नाही.

खोली बघितली. "पडदा आखूड आहे." खिडकी बघितली. "वारा फार." पलंगावर बसली, हातानं दाबून बघितला, काही बोलली नाही. म्हणजे पसंत!

मग मी पातेलं आणलं. सगळे गोळा झाले. तिनं टॉवेल सोडला. झाकण ठेवलं.

आत पडलं.

ठण्णकन! सरळ बुडात. पातेल्याच्या तोंडाहून चांगलं वीतभर लहान!

"तू पातेलं बदललंस!"

"तुम्ही झाकण बदललंत!"

"चोराच्या उलट्या बोंबा!"

"कोण चोर? कोण?"

जेवायची वेळ टळली तरी चाललं होतं. सून कानात बोटं घालून स्वयंपाकघरात. माझा घसा बसला. आयुष्यात इतकी भूक लागली नव्हती. दोन वेळा वाढून घेतलं! थोरलीनंही.

३१ मार्च

सकाळी 'लागेल' डिकीतून काहीतरी घेऊन आला. ह्यांची किल्ल्यांची थाळी. "आई, सहज बघ हं," म्हणाला, आणि उलटी केली. कडी वर आली. पातेल्यावर ठेवली. टक्क! केस जाणार नाही मधून.

तो म्हणाला, "म्हटलं होतं ना, लागेल."

मी आणि थोरली एकमेकींकडे बघत बसलोय. उभा जन्म भांडलो. आणि हे मधे बसून त्याच झाकणात किल्ल्या ढवळायचे. आणि हसायचे!