खालच्या अंगाचं पाणी

आई, तू गेल्यावर परवा पहिल्यांदाच तुझ्या माहेरी जाऊन आले. मामीच्या नातसुनेला सातवा महिना लागलाय. नदीवर साती आसरांपुढं तिची ओटी भरायची होती, आणि भाची आल्याशिवाय भरायची नाही असा मामीचा हट्ट. मी गेले; नकार दिला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

नांदेडला कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. सुट्टीला लातूरला आले, तर तू दुहेरी फडक्यातून पाणी गाळत होतीस. गाळून जंतू मरत नाहीत, उकळावं लागतं, असं मी तुला सुनावलं. तू चिडली नाहीस. पातेलं स्टोव्हवर चढवलंस आणि म्हणालीस, "मला एकटीला कशाला शिकवतीस? माझ्या माहेरी नदीचं पाणी पितात, तिथं सांग." दुसऱ्या दिवशी मला घेऊन एसटीत बसलीस. मामाच्या अंगणात बायका जमल्यात, मी ओट्यावर घामाघूम उभी आहे, त्या पदर तोंडाला लावून हसतायत आणि तू मागून म्हणतेस, "मोठ्यानं बोल. शिकलीस ना?" हसले, पण ऐकलं त्यांनी. पुढं कितीतरी वर्षं ते गाव पाणी उकळून प्यायलं.

आता त्याच नदीवर, वरच्या अंगाला, नगरपालिकेचं मैलापाणी शुद्ध करायचं केंद्र माझ्या ताब्यात आहे. शहरातली गटारं आमच्या टाक्यांत येतात. टाकीत सतत हवा सोडली तर मैला खाणारे जंतू जगतात आणि नदीत सोडण्याजोगं पाणी निघतं. हवा सोडणारी यंत्रं गेला महिनाभर बंद आहेत. पाणी काळं निघतंय. साहेब म्हणाले, "मॅडम, दुरुस्ती होईपर्यंत गवगवा नको." हातमोजे नसले तर कामगाराला फाटकावरून परत पाठवणारी मी, गप्प बसले. निवृत्ती जवळ आली आहे, नाव चांगलं आहे. दुसरं कारण नाही.

तुझ्या गावापर्यंत येता येता पाण्याचा रंग जातो. बाकीचं जात नाही. मामीनं तांब्या बुडवला तेव्हा मी विचारलं, "मामी, उकळता ना अजून?"

"कशाला? तवा तूच म्हनलीस उकळा. आता वरी पानी साफ करायला तूच बसलीस. समद्या गावानं सोडून दिलं."

मग तिनं सगळ्यांच्या हातावर तीर्थ घातलं. मी ओठाला लावल्यासारखं केलं आणि हात डोक्यावरून फिरवला. मामीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"का गं, तुला चालत न्हाई व्हय?"

"उपवास आहे."

"तीर्थाला कसला आलाय उपास! लई शिकलं की असं हुतंय बघा."

बायका हसल्या. नातसूनही हसली आणि तिनं तीर्थासाठी पुन्हा हात पुढं केला. मी तिच्या शेजारी उभी होते, आई. नुसता हात धरला असता तरी पुरलं असतं.

आज सकाळी मामीला फोन केला. पाणी उकळूनच प्या, नातसुनेला तर उकळलेलंच दे आणि गावात सगळ्यांना सांग, असं बजावलं. "का गं, काय झालं?" तिनं विचारलं. पावसानं गढूळ झालंय, असं मी म्हणाले. फोन ठेवायच्या आधी ती कुणाला तरी सांगताना ऐकू आलं, "बघा, भाची किती जीव लावती." मी ते तसंच राहू दिलं.

खरं काय ते फक्त तुला लिहिलं, कारण तू गावात जाऊन सांगणार नाहीस.