वेलमोगऱ्याचा चोर

सोमवार, १६ एप्रिल २००१
स. पावणेसहा. पर्वतीच्या पायथ्याशी तीच बंगली, कुंपणावर तोच वेलमोगरा. ओंजळभर फुलं रुमालात. कंपनीत एकतीस वर्षं काढली, टाचणीसुद्धा घरी आणली नाही. व्हीआरएस घेऊन चार महिने झाले नाहीत तर हे धंदे. सौ.ला सांगितलंय, बंगलीतल्या बाई बोलावून देतात. निम्मी देवाला, उरलेल्यांचा गजरा. "इतक्या वर्षांत कधी सुचलं नाही, आता रोज," म्हणाली आणि लाजली. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं.

बुधवार, १८
कुंपणावर पाटी. 'फुले नेणाऱ्याने निदान पाणी तरी घालावे.' दोनदा वाचली. तरी तोडली. निर्लज्जपणा, दुसरं काय.
चि.चा बंगलोरहून फोन. बाबा, वॉक चालू आहे ना? चालू आहे म्हटलं.

शुक्रवार, २०
रुमाल भरून खिशात, हात परत वर, आणि दार उघडलं. बाई सत्तरीच्या, हातात झारी. पाटी वाचत असल्यासारखं केलं.
"बरं झालं भेटलात. उंच आहात, वरची तेवढी काढून द्या. माझा हात पुरत नाही."
काढून दिली. यजमानांच्या फोटोला लागतात म्हणाल्या. हल्ली चारच मिळतात.
"कोणीतरी रोज चोरून नेतं. तुम्ही या वेळी इथनंच जाता ना, जरा लक्ष ठेवाल?"
ठेवतो म्हणालो. जीभ झडली नाही माझी. त्यांना कळलंय की नाही, चेहऱ्यावरून समजेना. खिसा घमघमत होता, नाक तर शाबूत असेल त्यांचं.
घरी फोटोचं बोलून बसलो. सौ.ने खिशातल्या सगळ्या फुलांचा हार केला, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये. बाईंच्या यजमानांना. रोज देतात बिचाऱ्या, म्हणाली.

शनिवार, २१
गेलो नाही. पोट बिघडलंय सांगितलं. सौ.ने ताक दिलं, वर काळजी. देवाला आज फूल नाही. संध्याकाळी म्हणाली, "उद्या मीच येते तुमच्याबरोबर. आभार नको का मानायला?"
नको म्हणायला कारण सुचेना.

रविवार, २२
स. साडेपाच. सौ.ची अंघोळ झाली, ठेवणीतली साडी नेसली. हार पिशवीत.
तिला आधी सांगू, जिन्यात? की बाईंसमोर दोघींना एकदमच? जिन्यात सांगितलं तर ती परत फिरेल, आणि गजरा पुन्हा कधी घालणार नाही, एवढं नक्की.
दारात चपला घालून उभी आहे. काय लिहिताय म्हणून विचारते आहे. हिशोब म्हणालो. हेही खोटंच.
उठतो.