भट्टीचा तळ

३ मार्च १९५६
बाबांना आज चहाची बशी धरवेना. दोन्ही पंजे मनगटातून लोंबतात. डॉक्टर म्हणाले, शिसं अंगात भिनलंय, इतकी वर्षं भट्टीचा धूर खाल्ला, दुसरं काय होणार. हे शिवडीच्या कारखान्यात कळवलं तर मालक चारचौघांत म्हणाला, "कसलं शिसं? पिऊन पिऊन हात गेले दादूचे." बाबांनी शिमग्यालासुद्धा थेंब घेतलेला नाही. जानेवारीच्या हरताळात सगळं बंद होतं, तेव्हा याची चांदी अर्ध्यावर अडकू नये म्हणून दोन दिवस भट्टीपुढून उठले नाहीत. त्याचं नाव या वहीत लिहिणार नाही. नुसतं मा.

१९ मार्च
बाबांच्या जागी मला घेतलं. वर उपकाराची भाषा. "दादूचा पोरगा म्हणून घेतो हो." मी मान खाली घालून "हो मालक" म्हटलं. हे "हो मालक" एक दिवस त्याच्या घशात घालीन.

७ एप्रिल
काम हाताला बसतंय. फिल्मच्या लॅबांतून गाळ येतो, जुन्या शालूंची जर येते. जाळायचं, शिशाबरोबर वितळवायचं. भट्टीचा तळ हाडांच्या राखेचा. तो शिसं पितो, चांदी वर राहते. शेवटी तिच्यावर एकदम लख्ख झळाळी येते, की थांबायचं. बाबा खाटेवरून शिकवतात. "ताव जास्त दिलंस तर चांदी तळात मुरता. तळ कोरो रवलो, तर भट्टीवालो खरो."

२२ ऑगस्ट
जेवणाच्या सुट्टीत जुन्या मिस्त्रींनी धंद्यातली रीत सांगितली. भट्टी मोडली की तिचा तळ भट्टीवाल्याच्या घरी जातो. मालक हात लावत नाही. मा.सुद्धा रीत पाळतो. का नाही पाळणार? चांगल्या कारागिराच्या तळात मिळणार काय, राख.
बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

२३ ऑगस्ट
झळाळी आली. भट्टीचा पंखा बंद केला नाही. वर आणखी कोळसा.

९ ऑक्टोबर
रोज थोडी थोडी. मा.ची चांदी, मा.च्याच कोळशावर, मा.च्याच भट्टीत मुरतेय. माल कमी निघतो म्हणून तो लॅबवाल्यांना शिव्या घालतो. मी म्हणतो, हो मालक, गाळच हलका आला. इतकं गोड कधी बोललो नव्हतो कुणाशी.

फेब्रु. १९५७, तारीख विसरलो
मा.ने फाटकावर संयुक्त महाराष्ट्र समितीचा झेंडा लावला. स्टुलावर उभा राहून भाषण. "मालक आणि कामगार, आपण सगळे एकच!" टाळ्या. मीही वाजवल्या. दुपारी असा ताव दिला की भट्टीचं तोंड पांढरं झालं.

१४ जून १९५८
सकाळी डाव्या हाताची बोटं बधिर असतात. जास्त ताव म्हणजे जास्त धूर. असू दे. आईला सांगितलं नाही.

२ डिसें. १९५८
मिस्त्री सहज म्हणाले, "दादूचा हात निराळा होता." तळपायाची आग मस्तकात. मला माहीत नाही होय? आणखी थोडी कळ काढायची.

११ मार्च १९६०
मा. कारखाना ठाण्याला हलवतोय. भट्टी मोडणार. चार वर्षं वाट पाहिली!

२० एप्रिल
पहिली पहार मीच मारली. तुकडा उचलला, दगडासारखा जड. मा. जवळच उभा. कधी नव्हे ते त्याने तुकडा हातात घेतला, थांबला, आणि तिथल्या तिथे छोट्या मुशीत वितळवायला लावला. चांदीचा गोळा निघाला, सुपारीएवढा.
मा. हसला. सगळ्यांना बोलावलं. "बघा! मी म्हणत नव्हतो? दादू शुद्धीवर असता तर एवढी चांदी तळात गेली असती?" कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. या भट्टीवर वीस वर्षं बाबांची, माझी चारच.
वर म्हणाला, "रीत मी मोडणार नाही. दादूने यावं, सगळ्यांसमोर कबूल करावं आणि तळ घेऊन जावं."
चार वर्षं मी त्याच्या खोट्याला पुरावा तयार करत होतो. मूर्ख. मूर्ख.

२१ एप्रिल
तळाचा दुसरा एक तुकडा घरी आणला. काय झालं ते सांगितलं, मी दिलेला ताव सोडून. बाबा म्हणाले, मांडीवर ठेव. बराच वेळ बघत बसले.
"ह्यो ताव माझो न्हय."
मी हात मागे घेतले.
"हात दाखय तुझे."
पुढे केले. डावा सरळ राहिना. बाबा रडले. स्वतःचे हात गेले तेव्हा रडले नव्हते.

२५ एप्रिल
आईने बाबांची बटणं लावली, टोपी घातली. शिवडीला सगळे जमलेले. मा.ने विचारलं. "नाही" म्हटलं असतं तर बोट माझ्याकडे वळलं असतं, मागोमाग पोलीस. बाबा म्हणाले, "होय. माझोच तळ. मी पियत होतंय."
मा.ने त्यांचा खांदा थोपटला. मिस्त्री जमिनीकडे बघत होते. मी दोन हात अंतरावर उभा होतो आणि माझं तोंड उघडलं नाही.
तळ हातगाडीवरून चाळीत आला.

३० एप्रिल
उद्या महाराष्ट्र राज्य होणार, चाळीत त्याची धांदल. कंदील, पताका. मा.कडून पेढे आलेत, कुणी पुडा उघडला नाही. तळाची पोती गॅलरीत पडून आहेत, बाबा त्यांच्याकडे पाठ करून बसतात.
उद्या सकाळी मा. शिवडीला झेंडा लावणार. सगळे जुने कामगार येतील. मिस्त्रीही. मी जाणार.
बाबांना कळलंच. "गप रव. तुका माझी शपथ."
हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. उद्याचा सदरा अंगाला होतो का म्हणून घालून बघत होतो, तर बोटांनी बटणं काही केल्या लागेनात. शेवटी आईला हाक मारली.