बापाच्या रकान्यातली लाल रेघ

दि. ४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी दुपारी मुलगी झाली. पावणेदोन किलोची आहे, म्हणून काचेच्या पेटीत ठेवलीय. तिची आई, तुझी ‘बेकरीवाली’, मात्र रक्त फार गेल्यामुळे अजून शुद्धीवर नाही. वाट बघा, एवढंच डॉक्टर सांगतात. फोनवर आपण दोघं भांडतो, म्हणून लिहितोय.

ताई, मला या इमारतीची शिसारी आलीय. इथल्या लिफ्ट सहा वर्षं मीच दुरुस्त करतो. कामाचे कळकट कपडे अंगात असले की पार ऑपरेशनच्या मजल्यापर्यंत कुणी हटकत नाही. परवा इस्त्रीचा शर्ट घालून बाप म्हणून गेलो, तर दारातच अडवलं. लग्नाचा दाखला मागितला. नाही म्हणताच नर्सबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत फक्त नातेवाईक, असं सुनावलं. मग आले मुलीच्या आईचे वडील, निवृत्त हेडमास्तर. ती माझ्याबरोबर राहायला लागल्यापासून चार वर्षं ज्यांनी लेकीची पत्रं न फोडता परत पाठवली, तेच. त्यांच्या मनगटाला लगेच नातेवाईकाची पट्टी बांधली नि अदबीनं आत नेलं. मी बाहेरच्या काचेतून बघतो. मुलीची टोपी आणि पाठ तेवढी दिसते.

तू जन्मनोंदणीच्या कचेरीत वीस वर्षं काढलीस. माझं नाव कसं लागेल ते सांग, कारण नोंदीत ज्याचं नाव नाही त्याच्या हाती मूल देणार नाहीत.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा
धाकटा

---

दि. ७

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

आत्या झाले, हे असं कळायचं होतं तर! चार वर्षं घसा कोरडा केला, लग्नाची एक सही ठोका म्हणून. तेव्हा तुम्हा दोघांना कागदाची गरज नव्हती. असो, आता डाफरून काय उपयोग.

नियम साधा आहे. लग्न नसेल तर आई-बापानं मिळून कारकुनापुढं सही केली, तरच बापाचं नाव लागतं. तुला जाच वाटेल, पण माझ्या खिडकीवर ये कधी. छाती फुगवून सही करणारे नि वर्षाच्या आत पोराला वाऱ्यावर सोडणारे इतके बघितलेत की पुरुषाचा हात फॉर्मवर आला तरी मला उबग येतो. तू तसला नाहीस. पण खिडकीतून मला माणूस दिसत नाही, फॉर्मच दिसतो.

तेव्हा डोक्यावर बर्फ ठेव. मास्तर नोंद करायला निघालेच, तर करू दे, वाद घालू नकोस. तुझा रकाना रिकामा राहील, एवढंच. ती शुद्धीवर आली की दोघं जाऊन भरा. रिकाम्या रकान्यानं कुणाचं वाईट होत नाही. आणि जेवत जा वेळेवर.

तुझ्या काळजीत असलेली
ताई

---

दि. ११

ती. ताईस,
न. वि. वि.

तुझं ऐकलं. मास्तरांनी नोंद केली, मी तोंडातून ब्र काढला नाही. आज इथल्या कचेरीत जाऊन बघितलं. बापाच्या रकान्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ आहे.

कारकूनबाई म्हणाली की रेघ मारली म्हणजे रकाना बंद. आता दोघांनी सही केली तरी चालणार नाही, वरच्या साहेबांचा हुकूम लागेल. कुठल्या नियमात आहे, म्हणून विचारलं. तर म्हणे, नऊ वर्षांपूर्वी ट्रेनिंगला तुझ्या गावाहून एक बाई आल्या होत्या, त्यांनी शिकवलं. रकाना मोकळा ठेवू नका, उद्या कुणीही सोम्यागोम्या येऊन नाव घुसडतो. रजिस्टरवर चहाचा कप ठेवला म्हणून त्या बाईंनी हिला सगळ्यांदेखत झापलं होतं. अशी बाई जगात एकच आहे, ताई.

शनिवारी मास्तर मुलीला त्यांच्या गावच्या हॉस्पिटलात घेऊन जातायत. त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, “कागदावर तुम्ही कोणीच नाही.” त्यांचा राग येतो. तुझी मात्र किळस आली. लिहायला नको होतं, पण लिहिलं, खोडत नाही.

धाकटा

---

दि. १३

चि. धाकट्यास आशीर्वाद.

ती बाई मीच. तो नियम नाही, कुठंच लिहिलेला नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका लबाडानं मागाहून नाव घुसडलं, बोलणी मी खाल्ली, तेव्हापासून रेघ मारते. हाताला इतकी सवय झालीय की तुला लिहिताना रेघ मारलेल्या रकान्यालाच मी रिकामा म्हटलं. उंटावरून शेळ्या हाकल्या आणि तुझ्या पायावर धोंडा मारला.

तुमच्या तिथल्या वरच्या साहेबांना मी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलंय, की ही रेघ कायद्याची नाही, माझ्या मनाची आहे. आमचे साहेब म्हणाले, नोकरीवर येईल, कागद मागं घ्या. घेतला नाही. काल एक पोरगा एकटाच फॉर्म घेऊन आला. मी पहिल्यांदा मान वर करून बघितलं. कान लाल झाले होते त्याचे. मला किळस आली, धाकट्या, स्वतःचीच.

माफी मागत नाही, ती फार स्वस्त होईल.

ताई

---

दि. २६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या कागदानं काम झालं. साहेबांनी रेघ रद्द केली, रकाना मोकळा झाला. पण तोवर शनिवार उलटून गेला होता. मास्तर मुलीला पेटीसकट अँब्युलन्समध्ये घालून घेऊन गेले. फाटकाशी उभा होतो, तर रखवालदारानं मला बाजूला सरकायला सांगितलं.

काल ती शुद्धीवर आली, तिनंच बोलावलं म्हणून मला आत सोडलं. कारकूनबाई उद्या कॉटपाशी येऊन आम्हा दोघांच्या सह्या घेणार आहे. मुलीच्या आईनं मागितलं म्हणून हॉस्पिटलनं मास्तरांना लगेच फोन केला, परवा मुलगी परत येतेय. मी तीन आठवडे मुलीला बघायलाच मागत होतो. माझ्या शब्दाला कुत्रंही विचारत नव्हतं. सगळ्याचा वीट आलाय, पण तुझ्यावरचा राग ओसरला. नोकरीचं काय झालं ते कळव.

एक गोष्ट तुलाच सांगतो. शुद्धीवर येताच तिनं विचारलं, मुलगी कशी दिसते, डोळे कुणाचे घेतलेत. मी म्हटलं, तुझे. ती हसली आणि झोपली.

ताई, मी मुलीचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही.

माया आहे तेवढी राहू दे.

तुझा
धाकटा