अमावस्येला गाडी नेली

अप्पा,

पिकअप घेऊन मी लातूरच्या शोरूमला चालले. आज अमावस्या हाय, गाडी दाराबाहेर काढायची न्हाई, हे मला ठाऊक हाय. म्हणूनच आज नेली. आज तिथं कुणी गाडी आणत न्हाई, पहिला नंबर लागतो.

चढावर इंजिनचा दिवा पेटतो आणि भरल्या गाडीची ताकद जाते, हे सगळं मी त्यांना फोनवर सांगितलं. या मॉडेलचं नवं सॉफ्टवेअर आलंय, आधी ते टाकून बघू म्हणाले. आपला मिस्त्री तर न तपासताच डिझेल पंप गेला म्हणून मोकळा झाला.

पोरगी स्टेअरिंगवर बसली म्हणून गाडीला दृष्ट लागली, असं तुम्ही निलंगाभर सांगत सुटलात. पहिल्यांदा दिवा पेटला तेव्हा गाडी दादा चालवत होता. ते कुणालाच सांगितलं न्हाई तुम्ही.

लिंबू-मिरची तशीच बांधलेली हाय, काढली न्हाई. आरसी बुक मात्र सोबत नेलंय. तुमची बीपीची गोळी डब्यावर ठेवली हाय, जेवून घ्या.

उद्या तुम्ही बोलावलेला मुरुडचा माणूस गाडी विकत घ्यायला येईल. दिवा परत पेटला तर खुशाल विका, मी बोलणार न्हाई. न्हाई पेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. चावी माझ्याकडंच राहील.

शिवानी