आमची आणि तुमची

प्रिय छोटी,

काल दुपारी पडल्या पडल्या तुझी आगबोट ऐकू आली. शाळेतून येताना आपण सोड्याची रिकामी बाटली कोपऱ्यावरच्या दुकानात परत द्यायचो आणि देण्याआधी तू तिच्या तोंडावर फुंकर मारून भोंगा वाजवायचीस. दुकानदार म्हणायचा, आधी या बोटीला धक्क्याला लावा. काचेवर उठावाची अक्षरं होती : ‘ही बाटली आमची आहे, परत द्या.’ त्यांवरून बोट फिरवत तू एकदा विचारलंस, बाटली त्यांची, मग ढेकर कुणाचा?

पुढे त्याच कंपनीत तू बाटल्या धुण्याच्या शेडमध्ये लागलीस आणि मी वर, जाहिरात खात्यात. शाळेतल्या सिस्टरांनी गिरवून घेतलेलं माझं अक्षर कामी आलं. तू बाटल्या उजेडासमोर धरून तडे शोधायचीस, मी वाक्यांतले. डबा खायला खाली आले की बाटल्या धुण्याच्या कॉस्टिकने सोललेले हात पाठीमागे लपवून म्हणायचीस, बाईसाहेब, लांब बसा, शाई पुसली जाईल.

मग प्लॅस्टिक आलं. शेडला कुलूप लागलं, तुझ्या तोंडाला नाही. नाल्यात तुंबलेल्या बाटल्या पोत्यात भरून तू कंपनीच्या दारात नेल्यास. ज्याने बनवली त्याने परत न्यावी, एवढंच मागणं. त्यासाठी अकरा वर्षं अर्ज केलेस. गेल्या महिन्यात अर्ज ऐकणाऱ्या समितीसमोर कंपनीच्या वकिलाने नुसती बाटली फिरवून तिच्यावरचं वाक्य दाखवलं : ‘ही बाटली तुमची आहे, नीट टाका.’ विकली ती तुमची झाली, म्हणाला. समितीने तेच धरलं आणि अर्ज निकालात निघाला. त्या संध्याकाळी माझे पाय चेपताना तू म्हणालीस, ताई, हे लिहिणाऱ्याने कधी नाला पाहिला असेल का गं? मी नुसतं पाणी मागितलं.

छोटी, ते वाक्य माझं. साहेब म्हणाले होते, जुनं वाक्य हुकूम सोडल्यासारखं वाटतं, जरा गोड करा. मी ‘आमची’ खोडून ‘तुमची’ लिहिलं, ‘परत द्या’च्या जागी ‘नीट टाका’. वाटलं, गिऱ्हाइकाला मान दिला. शाबासकी मिळाली, ती मी तुला डबा खाताना सांगितलीही. वाक्य कोणतं, ते तू विचारलं नाहीस. शेड बंद होणार हे मला कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं, आता सांगता येत नाही. डॉक्टर हल्ली तुझ्याशी बाहेर बोलतात आणि तू डोळे पुसून आत येतेस. तोंडाने सांगायला माझ्याकडे धीर नाही आणि दिवसही नाहीत.

कपाटातल्या निळ्या फाइलीत माझा मसुदा आहे, साहेबांच्या शेऱ्यासकट. तो तुझा. त्याने आता काही उलटायचं नाही, तरी तुझा. शाली शेजारच्या नर्सबाईंना. अक्षरासाठी बक्षीस मिळालेलं पेन तुझ्या नातीला देऊ नकोस. माझ्याबरोबर जाऊ दे. खिडकीतली आपली काचेची बाटली तेवढी कंपनीला परत कर. घेणार नाहीत. दारात ठेवून ये. ठेवण्याआधी एकदा फुंकर मार.

तुझीच,
ताई